दिल्या शब्दाच्या बुधवारची कहाणी

बायांनो, हातात चार अक्षता घ्या, मन ठिकाणावर आणा. बुधवारच्या बाई, तुमची कहाणी सांगते. तुम्ही ऐका, आम्हाला ऐकू द्या.

एक होतं नगर, आटपाट, नांदतं. त्या नगरात एक कंपनी होती, मसाल्याची. तिचं तिखट सात नगरांत जाई, तिची हळद लग्नाघरी जाई. कंपनीत तीन दालनं होती. एक निवडणीचं, एक भरणीचं, एक कांडपाचं. निवडणीच्या दालनाला खिडक्या होत्या. भरणीच्या दालनाला पंखे होते. कांडपाच्या दालनाला नुसतं दार होतं, तेही अर्धं मिटलेलं, तिखट उडू नये म्हणून.

नगराबाहेर टेकाडाखाली एक वस्ती होती. नगर त्या वस्तीला शिवत नसे. वस्तीच्या बायांना कंपनीत काम मिळे, पण ते कांडपातच. मिरची त्यांनी कुटावी, ठसका त्यांनी खावा, डोळ्यांची आग त्यांनी सोसावी. त्यांनी कुटलेलं तिखट सगळ्या नगरानं आमटीत घालावं, पण त्यांच्या हातचं पाणी कुणी घेऊ नये. असं का, म्हणून कुणी पुसलं नाही. चालत आलं होतं, चालत होतं.

वस्तीत दोघी जावा होत्या. थोरली ठकू, धाकटी धुरपदा. ठकूचा नवरा वारला होता. तिला एक लेक होती, आवडा तिचं नाव. चार इयत्ता शिकलेली, लग्नाच्या वयाची. धुरपदेला मूल नव्हतं. तिचा नवरा भिवा गाडीवान होता. दोघी जावा एका चुलीवर भाकरी करत, एका उखळाशी मिरची कुटत.

मग काय झालं? चैत्राचे दिवस होते. मिरची नवी, जहाल होती. ठकूला ठसका लागला, तो थांबेना. डोळे पांढरे झाले, ती भुईवर पडली. धुरपदा धावत भरणीच्या दालनाशी आली. तिथं माठ होता, गार पाण्याचा, झाकण घातलेला. दारावरचा पहारेकरी आडवा झाला. म्हणाला, "हा माठ तुमचा नाही. विहिरीवर जा."

"अहो, बाई मरते आहे."

"विहिरीवर जा म्हटलं ना."

विहीर लांब होती. धुरपदा पळाली. पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन परत आली, तोवर ठकू गेली होती. धुरपदेनं ते पाणी तिच्या मिटल्या ओठांवर घातलं, ते गालांवरून ओघळलं.

ही गोष्ट नगरात पसरली. नगराला लाज वाटली. बाजार बंद झाला, शाळा बंद झाली, माणसं कंपनीच्या दाराशी येऊन बसली. तशी कंपनीचे मालक बाहेर आले. त्यांनी हात जोडले, डोळे पुसले, चारचौघांत तीन शब्द दिले. पहिला शब्द दिला : कंपनीत सगळ्यांना एकच पाणी आणि एकच पंगत. दुसरा शब्द दिला : प्रत्येक दालन प्रत्येकीला उघडं, काम देताना हात बघू, वस्ती बघणार नाही. तिसरा शब्द दिला : दर तीन मुकादमिणींत एक टेकाडाखालची. हे तिन्ही शब्द काळ्या दगडावर कोरले, सोन्याच्या रंगानं रंगवले, दगड वेशीसारख्या मोठ्या दाराशी लावला. वाजंत्री वाजली. वर्तमानपत्रांनी वाहवा केली. तिकडे सहा नगरांतल्या सहा कंपन्यांनी ते पाहिलं. त्यांनीही आपापल्या दाराशी तसेच दगड लावले, तशीच वाजंत्री वाजवली.

मग वर्ष गेलं. पाणी वेगळं ते वेगळंच राहिलं. दालनं मिटली ती मिटलेलीच राहिली. मुकादमिणी होत्या त्याच होत्या. आणि ठकूच्या जागेवर, त्याच उखळाशी, आवडा कुटायला बसली.

एक दिवस आवडाला तसाच ठसका लागला. ठसका थांबला, पण धुरपदेचं मन थांबेना. ती बाहेर येऊन दगडाच्या सावलीत रडत बसली. तशी रस्त्यानं एक म्हातारी आली. कपाळावर मोठं कुंकू, पाय धुळीनं भरलेले. म्हणाली, "बाई बाई, का रडतेस?"

धुरपदेनं सगळं सांगितलं.

म्हातारीनं पुसलं, "हा दगड काय म्हणतो?"

"मला अक्षर येत नाही, आजी. त्यांनी वाचलं ते ऐकलं होतं."

"तुला शब्द दिला आणि तो तुला वाचताही येत नाही? मग त्यांना विसरायला किती सोपं! मी तुला वसा सांगते, तो घे."

"काय वसा, आजी? मला उपास जमायचे नाहीत. उपाशीपोटी मुसळ उचलत नाही."

म्हातारी हसली. म्हणाली, "उपास नको. दर बुधवारी न्हाऊन यावं. दगड तांब्याभर पाण्यानं धुवावा, हळदीचं बोट लावावं. मग तिन्ही शब्द मोठ्यानं वाचावे. वाचून पुसावं, बोललात ते केलंत का? केलं असेल तर दाखवा. केलं नसेल तर केव्हा करणार, तो दिवस सांगा. शिवी देऊ नये, पाया पडू नये. उत्तर मिळेतो दुसरं काही घेऊ नये. कंटाळू नये, भिऊ नये, मिंधं होऊ नये."

"यानं काय होईल?"

"ज्याला दर आठवड्याला कुणी पुसतं, त्याला विसरता येत नाही," म्हातारी म्हणाली आणि आपल्या वाटेनं गेली.

धुरपदा घरी आली. आवडाला म्हणाली, "मला अक्षर शिकव." वस्तीत पाटी कुठली! आवडानं कंपनीच्या रिकाम्या पुड्या आणल्या. मिरचीचा म, हळदीचा ह, धण्याचा ध. धुरपदा भाकरी थापताना पिठात बोटानं अक्षरं काढी, पुसून टाकी, पुन्हा काढी. भिवा म्हणाला, "आज भाकरी करपली." ती म्हणाली, "करपू दे, आज मला 'पंगत' लिहिता आलं." श्रावण लागेतो तिला तिन्ही शब्द वाचता येऊ लागले.

श्रावणाच्या पहिल्या बुधवारी ती न्हाली, तांब्या घेतला, कंपनीच्या दाराशी आली. दगड धुतला, हळदीचं बोट लावलं, अक्षर अक्षर लावत वाचलं. मग मोठ्यानं पुसलं, "बोललात ते केलंत का?" पहारेकरी हसला. दुसऱ्या बुधवारी आली. पहारेकऱ्यानं हाकललं. ती पाच पावलं मागं सरली, रस्त्यावर उभी राहिली, तिथून पुसलं. तिसऱ्या बुधवारी आली. पहारेकऱ्यानं खाली मान घातली.

असे आठ बुधवार गेले. मग कंपनीचे मॅनेजर दिनकरराव बाहेर आले. हातात साडीचोळी होती. म्हणाले, "मालकांनी तुमची ओटी पाठवली आहे."

धुरपदा म्हणाली, "ओटी नको. उत्तर द्या."

पुढल्या बुधवारी दिनकरराव आले. म्हणाले, "आम्ही मोठा उत्सव करतो आहोत, समतेचा. मंडप घालू. पहिला दिवा तुम्ही लावायचा."

धुरपदा म्हणाली, "दिवा मी घरी लावते. तुम्ही दालनाचं दार उघडा."

त्यापुढल्या बुधवारी दिनकरराव आले. म्हणाले, "धुरपदाबाई, तुम्ही मुकादमीण व्हा. तिसरा शब्द पुरा झाला, तुमच्याच रूपानं."

धुरपदेनं दगडाकडे पाहिलं. दगडावर तर हेच लिहिलं होतं. हे ओटी नव्हे, दिवा नव्हे, हा तर शब्दच. तिनं हो म्हटलं.

कंपनीनं तिला काचेच्या खोलीत बसवलं, अगदी दर्शनी. गुबगुबीत खुर्ची दिली, छातीवर नावाची पट्टी दिली. बुधवार आला तशी ती उठली. दिनकरराव म्हणाले, "आता तुम्ही कंपनीच्या झालात. कंपनीच्या माणसानं कंपनीला दाराशी उभं राहून पुसावं का?" ती खाली बसली. एक बुधवार चुकला, दुसरा चुकला, मग बुधवार कधी आला नि कधी गेला हेही तिला कळेना. धुरपदा उतली नव्हती, मातली नव्हती. पण मिंधी झाली होती.

मोठे पाहुणे येत. दिनकरराव काचेशी उभे राहत आणि सांगत, "या आमच्या धुरपदाबाई. टेकाडाखालच्या. आम्ही शब्द पाळतो." पाहुणे मान डोलवत, फोटो काढत. तिच्या हाताखाली एक बाई नव्हती, तिच्याकडे एक किल्ली नव्हती. दिवसभर नुसतं बसायचं आणि दिसायचं. इकडे कांडपाचं दार होतं तसंच अर्धं मिटलेलं होतं.

सहा महिने झाले. एक दिवस कांडपातून ओरडा झाला. आवडा पडली होती. बायांनी तिला उचलून बाहेर मोकळ्यावर आणलं. देवाची दया, तिला श्वास आला. ती उठली आणि तशीच, केसांत तिखट, डोळे लाल, काचेच्या खोलीपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "काकू, तू बाहेर होतीस तेव्हा निदान कुणीतरी पुसत होतं."

धुरपदेच्या काळजाला ते लागलं. ती उठली. छातीवरची पट्टी काढली, खुर्चीवर ठेवली. दिनकरराव धावत आले, "अहो, आज दुपारी पाहुणे यायचे आहेत!"

"खुर्ची दाखवा त्यांना," धुरपदा म्हणाली आणि निघाली.

घरी येऊन ती भिवाला म्हणाली, "मी चुकले हो. मला वाटलं मी पोचले म्हणजे सगळ्या पोचल्या." भिवानं तिच्यासमोर ताट वाढून ठेवलं. म्हणाला, "जेव आधी. उद्या मंगळवार आहे, परवा बुधवार आहे. चुकली वाट रस्त्यावरच सापडते ना, मग पुन्हा जाऊन उभी राहा."

ती बुधवारी आली. आता एकटी नव्हती. मागं आवडा होती, तिच्यामागं कांडपाच्या अकरा जणी होत्या. दगड धुतला, हळदीचं बोट लावलं, सगळ्यांनी मिळून पुसलं. आवाज आतपर्यंत गेला. दिनकरराव आले, घाम पुसत म्हणाले, "मालकांच्या मनात फार आहे हो. पण भरणीच्या बायका ऐकत नाहीत. तुम्ही आत आलात तर आम्ही उठून जाऊ म्हणतात. आमचे हात बांधले आहेत."

बाया निराश झाल्या. धुरपदा म्हणाली, "हे मॅनेजर म्हणाले. भरणीच्या बायका काय म्हणतात ते आपण ऐकलं का?"

भरणीच्या दालनात सगळ्यांत थोरली सुंदराक्का होती. वीस वर्षं तिथं काम केलेली, तिच्या शब्दावर बाकीच्या चालत. तिचं घर नगरात, वरच्या आळीत होतं. धुरपदा भर दुपारी तिच्या अंगणात जाऊन उभी राहिली. सुंदराक्का ओटीवर शेवया वळत होती. म्हणाली, "कोण गं?"

"मी धुरपदा, कांडपातली. एक पुसायला आले. आम्ही भरणीत आलो तर तुम्ही उठून जाणार, खरं का?"

सुंदराक्काचा हात थांबला. "असं कोण म्हणालं? आम्हाला तर सांगितलं, वस्तीच्या बायांनाच कांडप सोडायचं नाही. त्यांनाच यायचं नाही."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सुंदराक्का हळूच म्हणाली, "पण खोटं कशाला बोलू? आम्हाला पुसलं असतं, तर मी नकोच म्हटलं असतं."

"आणि आज?"

सुंदराक्कानं अंगणाकडे पाहिलं. ऊन तापलं होतं. म्हणाली, "आज तू माझ्या दाराशी उन्हात उभी आहेस आणि मी तुला वर ये म्हटलेलं नाही. माझ्या ध्यानातच आलं नाही बघ. ठकू गेली त्या दिवशी तो माठ माझ्या पाठीमागं होता. मी वळून पाहिलं होतं, आणि पुन्हा कामाला लागले होते." तिचे डोळे भरले. "ये, वर ये. बस."

धुरपदा ओटीवर चढली, सुंदराक्काच्या शेजारी बसली. थोड्या वेळानं तिनंही शेवया वळायला घेतल्या. सुंदराक्कानं तिला अडवलं नाही.

पुढल्या बुधवारी सगळ्यांच्या देखत सुंदराक्का दाराशी आली. धुरपदेनं दगड धुतला. सुंदराक्कानं ओंजळ पुढं केली, म्हणाली, "तांब्यात उरलंय ते मला दे." धुरपदेनं पाणी घातलं. सुंदराक्का ते प्याली. भरणीच्या दोघीजणी तिथून तशाच निघून गेल्या. त्यांतली एकजण महिन्यानं परत आली, दुसरी आली नाही. बाकीच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

मग वसा नगरात शिरला. सुंदराक्कानं आपल्या आळीत पाच जणींना सांगितलं. त्या पाचांनी आणखी पाच पाच जणींना सांगितलं. बाया वाण्याच्या दुकानात जात, तिखटाची पुडी हातात घेत आणि पुसत, "या कंपनीनं बोललेलं केलं का हो?" वाणी म्हणे, "मला काय ठाऊक?" बाया म्हणत, "मग पुसून ठेवा, आम्ही बुधवारी येतो." पुडी परत फळीवर ठेवत आणि घरी मिरची कुटत. स्वतः कुटल्यावर त्यांच्याही नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा कांडप म्हणजे काय ते कळलं. एका वाण्यानं पुसलं, दहा वाण्यांनी पुसलं, साती नगरांच्या वाण्यांनी पुसलं. कंपनीत दुसरं काही ऐकूच येईना.

तशी मालकांनी पत्र पाठवलं. दिनकररावांनी ते दाराशी वाचलं, "आम्ही समतेसाठी कटिबद्ध आहोत."

धुरपदेनं पुसलं, "कटिबद्ध म्हणजे काय?"

"म्हणजे कंबर बांधली आहे."

"कंबर बांधून दोन वर्षं झाली. आता चला म्हणावं."

बाया हसल्या. दिनकररावांनाही हसू आलं. त्यांनी पत्राची घडी केली आणि पहिल्यांदाच मनातलं बोलले, "बाई, मी आत जाऊन हेच सांगतो."

पुढल्या बुधवारी मालक स्वतः आले. वाजंत्री नव्हती, मंडप नव्हता. दाराशी एका बाजूला कांडपाच्या बाया, एका बाजूला भरणीच्या बाया, मागं सगळं नगर. मालकांचं तोंड उतरलं होतं. म्हणाले, "खरं सांगतो, हा दगड लावला त्या दिवशी मला वाटलं, काम झालं."

धुरपदेनं पहिला शब्द वाचला. "एकच पाणी, एकच पंगत. केलंत का?"

"केलं. कालपासून. आत येऊन पाहा."

पाच जणी आत गेल्या, पाहून आल्या. म्हणाल्या, "खरं आहे."

धुरपदेनं दुसरा शब्द वाचला. "प्रत्येक दालन प्रत्येकीला उघडं. केलंत का?"

"अर्धं केलं. सोमवारपासून सात जणी भरणीत येतील. निवडणीचं अजून काही ठरवलेलं नाही."

धुरपदेनं तिसरा शब्द वाचला. "दर तीन मुकादमिणींत एक आमची. केलंत का?"

मालकांनी दगडाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. दिनकरराव त्यांच्या कानाशी काही सांगायला गेले, त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "नाही. नाही केलं."

बायांना वाटलं, आता धुरपदा संतापेल. तिच्या जावेचा जीव गेला होता, तिला तो हक्क होता. पण धुरपदेचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "मालक, दोन वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही आम्हाला खरं उत्तर दिलंत. आता दिवस सांगा."

"दसऱ्यापर्यंत."

"निवडणीचं दालन?"

"तेही दसऱ्यापर्यंत."

"आणि कांडपाला खिडक्या? त्या दगडावर नाहीत. पण ठकू त्यापायी गेली."

मालक कांडपाच्या दालनाकडे वळले. म्हणाले, "खिडक्या आधी."

"आम्ही दर बुधवारी येऊ," धुरपदा म्हणाली.

"या," मालक म्हणाले.

आठ दिवसांत कांडपाच्या भिंती फोडल्या, खिडक्या बसवल्या. उजेड आत आला, वारा आला. दसऱ्याला मालक दाराशी उभे राहिले आणि एकेक शब्द घेऊन सांगितलं, हे केलं, हे केलं, हे केलं. बायांनी आत जाऊन पाहिलं, मगच हो म्हटलं. तिघी मुकादमिणींत एक आवडा झाली, निवडणीच्या दालनात. तिच्या हाताखाली वीस बाया होत्या, दोन्हीकडच्या. तिच्याकडे किल्ल्या होत्या. सगळं एका दिवसात गोड झालं असं नाही. कुणी कुजबुजलं, कुणी पाठ फिरवली, कुणाचं तोंड वर्षभर वाकडं राहिलं. पण ठरलं होतं ते मोडलं नाही. दर वर्षी दसऱ्याला कंपनीनं दाराशी येऊन उत्तर द्यावं, अशी रीतच पडली. एका वर्षी मालक अंथरुणाला खिळले, तर त्यांची सून येऊन उभी राहिली. म्हणाली, "शब्द कंपनीनं दिला आहे, उत्तर कंपनी देईल." नगरानं तिला वाखाणलं. धुरपदेला लोक वाटेत थांबवून नमस्कार करत. ती म्हणे, "नमस्कार नको, बुधवारी या."

मग त्या सहा नगरांतल्या बाया आल्या. म्हणाल्या, "आमच्याही दाराशी दगड आहे. सोन्याचा रंग उडालाय, पण अक्षरं शाबूत आहेत. आम्हाला वसा सांग." धुरपदेनं सांगितला. कंटाळू नका, भिऊ नका, मिंधं होऊ नका. आणि आपली चूकही सांगितली, लपवली नाही. "तुम्हाला एकीला खुर्ची दिली, तर बसण्याआधी मागं वळून बघा, मागं किती जणी उभ्या आहेत."

बाया आपापल्या नगराला गेल्या. पुढल्या बुधवारी, लांबच्या एका नगरात, एका मोठ्या कंपनीच्या दाराशी एक बाई एकटी येऊन उभी राहिली. तिनं दगड धुतला. तिचा आवाज थरथरत होता. तरी तिनं मोठ्यानं वाचलं, आणि वाचून पुसलं, "बोललात ते केलंत का?"

बुधवारच्या बाई, धुरपदेच्या पुसण्याला जसं खरं उत्तर आलं, तसं आम्हा ऐकणाऱ्या सगळ्यांच्या पुसण्याला येवो. ज्यानं शब्द दिला त्याला तो पाळायची बुद्धी होवो, ज्यांना दिला त्यांना पुसायचं बळ मिळो. साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत सांगितली. सांगणारीला सुफळ, ऐकणारीला सुफळ, अशी ही संपूर्ण झाली.